वाकांडा कोणी उभं केलं? 'ब्लॅक पँथर'च्या पडद्यामागच्या नावांचा इतिहास

दर काही महिन्यांनी आमच्या तरुण मित्रांच्या गटात एकच प्रश्न फिरून येतो : आपला सुपरहिरो कधी येणार? सोबत 'ब्लॅक पँथर'चं पोस्टर असतं, कुणी त्या मुखवट्याला निळी किनार दिलेली असते, आणि मग चर्चा जी सुरू होते ती पैशापाशी येऊन थांबते. वीस कोटी डॉलर कुठून आणायचे? कोण लावणार? प्रश्न पडतो हे चांगलंच आहे. पण तो मुखवट्यापासून सुरू होतो, आणि मुखवट्यापासून सुरुवात केली की उत्तर पैशाशिवाय दुसरं निघतच नाही.

आमचं म्हणणं असं की या सिनेमाचा खरा इतिहास त्याच्या कथेत थोडा आणि शेवटी वर सरकत जाणाऱ्या नावांच्या यादीत जास्त आहे. मार्व्हलच्या सिनेमात शेवटी एखादा तुकडा दाखवतात म्हणून प्रेक्षक त्या यादीभर खुर्चीत बसून राहतो, पण यादी वाचत नाही. आपण ती वाचू या.

पण त्याआधी नावाचा हिशेब. पँथर हे चिन्ह कुठल्या स्टुडिओत जन्मलं नाही. अलाबामा राज्यात लाउंड्स नावाची काउंटी आहे. लोकसंख्येत काळे लोक शेकडा ऐंशीच्या आसपास, आणि १९६५ साल उजाडलं तेव्हा मतदार यादीत त्यांच्यापैकी एकही नाव नव्हतं. नाव नोंदवायला गेलेल्याची नोकरी जायची, कसत असलेली जमीन जायची, कधी जीवही जायचा. त्या काउंटीत स्टोकली कारमायकल आणि त्यांच्या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी स्थानिक लोकांबरोबर स्वतःचा पक्ष काढला. मतदार निरक्षर, म्हणून मतपत्रिकेवर चिन्ह हवं. तिथल्या प्रस्थापित डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा उघडउघड छापलेली असायची. समोर यांनी काळा पँथर उभा केला. निवडणूक चिन्ह म्हणजे काय हे हत्तीवर शिक्का मारत आलेल्या घरांना वेगळं सांगायला नको. १९६६ च्या निवडणुकीत हा पक्ष हरला. १९७० मध्ये त्याच्याच संस्थापकांपैकी जॉन ह्युलेट त्या काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले.

त्याच १९६६ च्या जुलैच्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फँटास्टिक फोर' या चित्रमालिकेत टचाला नावाचा आफ्रिकी राजा आणला, ब्लॅक पँथर. दोघेही न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबांत वाढलेले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी लाउंड्सचा पँथर उचलून ब्लॅक पँथर पक्ष काढला. कॉमिकचं नाव आणि पक्षाचं नाव हा योगायोग होता. पण योगायोगाची किंमत कोणी कशी चुकवली हे पाहण्यासारखं आहे. पक्षाची दहशत गोऱ्या अमेरिकेत पसरल्यावर मार्व्हलने १९७२ च्या फेब्रुवारीच्या अंकात आपल्या राजाचं नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' केलं, का तर पक्षाशी संबंध जोडला जाऊ नये म्हणून. थोड्याच काळात जुनं नाव परत आलं, पण भीतीची नोंद छापील स्वरूपात राहिली.

आणि नेमक्या त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे या पोरांनी तेच नाव स्वतःहून अंगावर घेतलं. गावोगावच्या अत्याचारांची जंत्री मांडणारा इळयापेरुमल समितीचा अहवाल आला होता, सरकार हलत नव्हतं. पैशाने भरलेल्या कंपनीला जे नाव झेपलं नाही ते झोपडपट्टीत राहणाऱ्या कवींना झेपलं! १९७३ च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या पँथरांशी असलेलं नातं पँथरने स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. हे नातं त्याआधीचंही आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवल्या जाणाऱ्या निग्रो काँग्रेसच्या निवेदनाची प्रत मागितली होती, आणि ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिलं होतं. म्हणून हा सिनेमा आला तेव्हा आपल्या वस्त्यांतल्या मुलांना तो परका वाटला नाही, यात नवल काही नाही.

आता कॉमिकची लेखणी कोणाच्या हातात होती ते पाहा. १९७३ पासून टचालाच्या स्वतंत्र कथा ज्या नियतकालिकात येऊ लागल्या त्याचं नाव होतं 'जंगल ॲक्शन'. आफ्रिका म्हणजे जंगल, दुसरं काय! लेखक डॉन मॅकग्रेगर गोरे होते, पण त्यांनी पात्रं जवळजवळ सगळी काळी ठेवली, आणि चित्रं काढायला बिली ग्रॅहम हा काळा चित्रकार आला. किलमाँगर हे पात्र याच मालिकेतलं. पुढे मॅकग्रेगरनी टचालाला थेट अमेरिकेच्या दक्षिणेत कु क्लक्स क्लानसमोर उभं केलं, आणि १९७६ मध्ये नियतकालिक बंद पडून ती कथा अर्धवट राहिली. त्यानंतर १९९८ मध्ये मालिका ख्रिस्तोफर प्रीस्ट या कृष्णवर्णीय लेखकाकडे आली. राजाचं रक्षण करणाऱ्या स्त्रियांचं पथक, डोरा मिलाजे, हे त्यांच्या काळातलं. रेजिनाल्ड हडलिन यांच्या काळात, २००५ मध्ये, बहीण शुरी आली. २०१६ मध्ये ता-नेहिसी कोट्स लिहू लागले. आज प्रेक्षकांना वाकांडात जे जे आवडतं त्यातलं बरंचसं काळ्या लेखकांच्या हाती लेखणी गेल्यानंतरचं आहे. आणि जॅक कर्बी? त्यांना पानामागे मजुरी मिळत असे, पात्रं कंपनीची. त्यांच्या वारसांनी मार्व्हलशी वर्षानुवर्षं दावा लढवला, २०१४ मध्ये तडजोड झाली. निर्माण करणारा एक आणि मालक दुसरा, हे गाणं आपल्याला नवं नाही.

सिनेमा काढायचा प्रयत्न वेस्ली स्नाइप्स यांनी नव्वदच्या दशकातच केला होता. तो जमला नाही. तो जमायला आधी एक रायन कूगलर तयार व्हावा लागला.

कूगलर यांचा जन्म १९८६ चा, ओकलंडचा. पँथर पक्षाचं जन्मगाव तेच यांचं जन्मगाव. कूगलर तरुणपणी सॅन फ्रान्सिस्कोच्या बालसुधारगृहात समुपदेशक म्हणून काम करत. २००९ च्या नववर्षाच्या पहाटे ओकलंडच्या फ्रूटव्हेल स्थानकावर रेल्वे पोलिसाने ऑस्कर ग्रँट या बावीस वर्षांच्या काळ्या तरुणाला फलाटावर पालथं पाडून पाठीत गोळी घातली. लोकांनी मोबाइलवर ते चित्रित केलं. कूगलर यांचा पहिला सिनेमा याच खुनावर आहे, 'फ्रूटव्हेल स्टेशन', २०१३ चा. त्यासाठी पाठीशी उभे राहिले अभिनेते फॉरेस्ट व्हिटेकर, निर्माते म्हणून. छोट्या पैशातला सिनेमा. पण त्याची नावं वाचा : मुख्य भूमिकेत मायकेल बी. जॉर्डन, छायाचित्रण रेचल मॉरिसन, कलादिग्दर्शन हॅना बीचलर, संगीत लुडविग गोरान्सन. पाच वर्षांनी वीस कोटी डॉलरचा सिनेमा आला तेव्हा कूगलर एकतीस वर्षांचे होते, आणि याच चारही माणसांना ते बरोबर घेऊन आले. व्हिटेकरसुद्धा पडद्यावर आहेतच, झुरीच्या भूमिकेत. पटकथेला सोबत होते जो रॉबर्ट कोल, आणि मार्व्हलच्या आत हा प्रकल्प लावून धरणारे नेट मूर, दोघेही कृष्णवर्णीय. मोठं दार उघडलं की माणूस एकटाच आत शिरतो आणि मागचं दार लावून घेतो, हे आपण राजकारणात, नोकऱ्यांत किती वेळा पाहिलं आहे? कूगलर टोळी घेऊन आत गेले. या एका गोष्टीसाठी तरी त्यांचं नाव आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करावं.

ही टोळी जातीने, वर्णाने एकसारखी नव्हती हेही लक्षात घ्या. मॉरिसन गोऱ्या. छायाचित्रणासाठी ऑस्करचं नामांकन मिळालेली जगातली पहिली स्त्री म्हणजे त्या, २०१८ मध्ये 'मडबाउंड'साठी. तोवर नव्वद वर्षं कॅमेरामागची स्त्री कुणाला दिसलीच नव्हती. गोरान्सन स्वीडनचे, कूगलर यांचे विद्यापीठातले मित्र. आफ्रिकी संगीत आपल्याला येत नाही हे मानून ते सेनेगलला गेले, गायक बाबा माल यांच्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर फिरले, काखेत धरून वाजवायचा बोलका ढोल ऐकला, आणि राजाची धून त्यावर बांधली. किलमाँगरसाठी फुलानी लोकांची बासरी. शिकायला जाणारा आणि उचलून नेणारा यांत फरक असतो, आणि तो फरक श्रेय देण्यात दिसतो : विमान पहिल्यांदा वाकांडात उतरतं तेव्हा आवाज बाबा माल यांचाच आहे.

रूथ कार्टर यांच्यापाशी आम्ही जरा थांबणार आहोत. वेशभूषाकार. १९८८ मध्ये स्पाइक ली यांच्या 'स्कूल डेझ'पासून त्या सिनेमात आहेत. 'डू द राइट थिंग', मग १९९२ चा 'माल्कम एक्स', मग 'ॲमिस्टाड'. म्हणजे 'ब्लॅक पँथर'पर्यंत त्यांनी तीस वर्षं गुलामांचे, कैद्यांचे, मोर्चेकऱ्यांचे, गल्लीतल्या पोरांचे कपडे अभ्यासून शिवले होते. दोनदा नामांकन, दोनदा रिकाम्या हाताने परत. वाकांडासाठी त्यांनी आख्खा खंड अभ्यासाला घेतला. राणीचा उंच मुकुट म्हणजे झुलू विवाहित स्त्रीची टोपी, थ्रीडी छपाईवर काढलेली. रक्षक स्त्रियांचा लाल वेश मसाईंकडून, गळ्यातली वेढणी न्देबेलेंकडून. सीमेवरच्या टोळीच्या खांद्यावर लेसोथोच्या बासोथो लोकांची घोंगडी. घोंगडी! जे पांघरूण कुणाच्याही नजरेत गरिबीचं आणि मागासपणाचं, ते इथे योद्ध्याची ढाल झालं. आपल्याकडे घोंगडी, लुगडं, कोपरी पडद्यावर आली की प्रेक्षकाला एकतर कीव यावी किंवा हसू यावं अशीच सोय केलेली असते. कपडा तोच असतो. तो कोण नेसवतो आणि कशासाठी, यावर सगळं ठरतं.

हॅना बीचलर यांनी वाकांडाचं शहर, रस्ते, वस्त्या, टोळ्यांचा इतिहास लिहून शेकडो पानांचा ग्रंथच आधी तयार केला आणि मग सेट उभे केले. २०१९ च्या ऑस्करमध्ये सात नामांकनांपैकी तीन पुरस्कार मिळाले : वेशभूषा, कलादिग्दर्शन, संगीत. कार्टर आणि बीचलर दोघीही आपापल्या विभागात जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन. अभिनय सोडून इतर कुठल्या विभागात काळ्या स्त्रीला ऑस्कर मिळाल्याची आधीची घटना १९८४ ची, आयरीन कारा यांना गीतासाठी. म्हणजे पस्तीस वर्षं! त्याच रात्री, कार्टर यांना ज्यांनी पहिलं काम दिलं त्या स्पाइक ली यांनाही पटकथेसाठी त्यांचं पहिलं स्पर्धेतलं ऑस्कर मिळालं. कूगलर यांना दिग्दर्शनाचं नामांकनसुद्धा नव्हतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनापर्यंत पोहोचलेला हा पहिला सुपरहिरोपट, जगभरात १३० कोटी डॉलरहून जास्त कमावलेला, पण तो दिग्दर्शित कोणी केला हे अकादमीला दिसलं नाही.

आता पडद्यावरची माणसं. न्याकियाची भूमिका करणाऱ्या लुपिटा न्योंगो केनियाच्या, जन्म मेक्सिकोतला. ओकोये झालेल्या डनाई गुरिरा झिम्बाब्वेत वाढलेल्या आणि स्वतः नाटककार. त्यांनी लिहिलेल्या 'इक्लिप्स्ड' नाटकात न्योंगो यांनी ब्रॉडवेवर काम केलं होतं. लेटिशिया राइट गयानाच्या, विन्स्टन ड्यूक टोबॅगोचे, डॅनिएल कलूया लंडनच्या युगांडी घरातले. गुलामांच्या जहाजांनी आणि वसाहतींनी ज्यांना जगभर फेकलं त्यांचीच मुलं एका चौकटीत गोळा झालेली. ड्यूक यांचं पात्र कॉमिकमध्ये 'मॅन-एप', म्हणजे माणूस-वानर, या नावाने वावरत होतं. काळ्या माणसाला ते नाव! सिनेमाने ते टाकून दिलं, त्याला फक्त म्बाकू म्हटलं, आणि त्याच्या टोळीला डोंगरातलं स्वाभिमानी राज्य दिलं. गंमत पाहा, म्बाकूच्या तोंडी हनुमानाचा जयजयकार आहे, आणि भारतात दाखवलेल्या प्रतीत सेन्सॉरने तो एक शब्द मुका केला.

पण या सगळ्यांत जुनं झाड म्हणजे जॉन कानी, टचालाचे वडील टचाका. दक्षिण आफ्रिकेचे, १९४३ चा जन्म. वर्णभेदाच्या राजवटीत त्यांनी अथॉल फुगार्ड आणि विन्स्टन न्त्शोना यांच्याबरोबर 'सिझ्वे बान्झी इज डेड' हे नाटक रचलं, ते पहिल्यांदा झालं १९७२ मध्ये. पुन्हा तेच साल. काळ्या माणसाला शहरात राहायला जे पासबुक लागायचं, त्यावरचं हे नाटक : जगण्यासाठी एक माणूस मेलेल्याचं पासबुक घेतो आणि स्वतःचं नाव मारून टाकतो. कानी आणि न्त्शोना यांना १९७५ मध्ये अमेरिकेत टोनी पुरस्कार मिळाला. मायदेशी परतल्यावर कानींना वडील बोलावत आहेत असा फोन आला, ते निघाले, वाटेत पोलिसांनी गाठलं आणि मरेस्तोवर मारून टाकून दिलं. त्यात डावा डोळा गेला. २०१६ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये हेच कानी मार्व्हलच्या सेटवर उभे राहिले, आणि वाकांडा आफ्रिकेत आहे तर बाप-लेक इंग्रजीत का बोलतात असं विचारून त्यांनी आपल्या मातृभाषेत, खोसामध्ये, संवाद म्हटला. चॅडविक बोसमन ते शिकून घेऊन खोसातच उत्तर देऊ लागले. वाकांडाची भाषा कुठल्या समितीने ठरवली नाही. ती एका वृद्ध नटाने आणली. नेल्सन मंडेलांचीही मातृभाषा तीच.

बोसमन यांचाही स्वभाव हाच. २००३ मध्ये एका टीव्ही मालिकेत त्यांना साचेबद्ध काळ्या गुंड पोराची भूमिका मिळाली. याचा बाप कुठे आहे, आई कोण, असे प्रश्न त्यांनी निर्मात्यांना विचारले, आणि काम गेलं. तीच भूमिका पुढे कोणाला मिळाली? मायकेल बी. जॉर्डन यांना! 'ब्लॅक पँथर'मध्ये धबधब्याच्या काठावर हे दोघे एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा हेही आठवावं. टचालाला ब्रिटिश किंवा अमेरिकन उच्चार द्यावा अशी सूचना आली तेव्हा बोसमन यांनी ती साफ नाकारली : ज्या देशावर कुणी राज्यच केलं नाही त्याचा राजा साहेबाच्या उच्चारात कशाला बोलेल? ते हॉवर्ड विद्यापीठाचे. १८६७ मध्ये, गुलामी संपल्यानंतर दोन वर्षांत उभी राहिलेली ही संस्था. बोसमन यांनी पडद्यावर साकारलेले न्यायमूर्ती थरगूड मार्शल तिथलेच, लाउंड्सचे स्टोकली कारमायकल तिथलेच, ता-नेहिसी कोट्सही तिथेच शिकले. ऑक्सफर्डच्या उन्हाळी नाट्यवर्गाला जायला बोसमनकडे पैसे नव्हते, तर शिक्षिका फिलिशिया रशाद यांनी डेन्झेल वॉशिंग्टन यांच्याकडे शब्द टाकला आणि त्यांनी फी भरली. मिलिंद आणि सिद्धार्थ महाविद्यालयांतून आपली साहित्याची आणि पँथरची पिढी कशी निघाली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हॉवर्ड काय असेल ते कळेल. २०१६ पासून आतड्याच्या कर्करोगाशी झगडत बोसमन यांनी हे सगळं काम केलं, कुणाला कळू न देता. २८ ऑगस्ट २०२० रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

आता वादाचा मुद्दा. आमच्यातलेच काही जण म्हणतात की हा सिनेमा क्रांतीची बदनामी करतो. त्यात तथ्य आहे. ओकलंडमध्ये अनाथ वाढलेला, जगभरच्या दबलेल्या काळ्या माणसांना शस्त्रं द्या म्हणणारा किलमाँगर एकटाच, आणि त्यालाच खुनशी केलं. ती शस्त्रं घेऊन निघालेली विमानं पाडतो कोण, तर सीआयएचा गोरा माणूस, आणि तो आपला मित्र! ज्या सीआयएने काँगोच्या पॅट्रिस लुमुंबांच्या हत्येचा कट आखला होता, हे अमेरिकेच्याच सिनेट समितीने १९७५ मध्ये नोंदवलं आहे. शेवटी टचाला ओकलंडमध्ये इमारती घेऊन मदतकेंद्र काढतो. खऱ्या पँथरांनी त्याच शहरात १९६९ मध्ये चर्चच्या खोलीत गरीब मुलांना मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली, त्यांच्याकडे व्हायब्रेनियम नव्हतं, आणि त्याच वर्षी एफबीआयच्या प्रमुखाने त्यांना देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सगळ्यात मोठा धोका ठरवलं. शिवाय मार्व्हल डिस्नेची. वाकांडावर निघालेल्या प्रत्येक खेळण्याचा पैसा तिथे जातो.

हे सगळं खरं मानूनही आम्ही सिनेमा फेकून द्यायला तयार नाही, कारण याच माणसांनी पुढे काय केलं ते समोर आहे. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पँथर पक्षाचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन अंथरुणात पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवला होता. २०२१ मध्ये त्यावर 'जुडास अँड द ब्लॅक मसाया' आला. दिग्दर्शक शाका किंग, निर्मात्यांमध्ये रायन कूगलर, आणि हॅम्प्टन झाले डॅनिएल कलूया. त्या भूमिकेने कलूया यांना ऑस्कर दिलं. पहिल्या सिनेमात जे बोलता आलं नाही ते कमावलेल्या वजनावर दुसऱ्यात बोललं गेलं. आपल्याकडेही २०१८ मध्येच पा. रंजित यांनी धारावीतली गोष्ट सांगणारा 'काला' काढला आणि त्याच वर्षी निर्माते म्हणून मारी सेल्वराज यांचा पहिला सिनेमा 'परियेरुम पेरुमाल' उभा केला. रजनीकांतच्या पोस्टरवर टाळ्या वाजवणाऱ्या आमच्या किती मित्रांना दुसरं नाव माहीत आहे?

आणि मालकीचं काय? २०२५ मध्ये कूगलर यांचा 'सिनर्स' आला. १९३२ च्या मिसिसिपीतली, गोऱ्या जमीनदारांच्या कापसाच्या शेतात राबणाऱ्यांची आणि त्यांच्या ब्लूजची ही गोष्ट. जॉर्डन, कार्टर, बीचलर, गोरान्सन सगळे परत सोबत. यावेळी कूगलर यांनी वॉर्नर ब्रदर्सशी करार करताना एक अट घातली. पंचवीस वर्षांनी सिनेमाचे हक्क स्टुडिओकडे राहणार नाहीत, ते कूगलर यांच्याकडे येतील. हॉलिवूडमधल्या बड्या लोकांनी या अटीवर बरीच बोटं मोडली. सिनेमा चालला, करार कायम आहे, आणि २०५० मध्ये ती रिळं ओकलंडच्या त्या माणसाच्या मालकीची होणार आहेत.